सात विरुद्ध दोन : टिळकांच्या खटल्यातून कोर्टाची इंग्रजी

कायद्याच्या पहिल्या वर्षाला मराठी शाळेतून आलेली मुलं 'ट्रान्सपोर्टेशन' हा शब्द वाचतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एसटी येते. 'सेंटेन्स' म्हणजे वाक्य, 'रिटायर' म्हणजे पेन्शन, 'फोरमन' म्हणजे कारखान्यातले साहेब, 'चार्ज' म्हणजे मोबाइलचा. मुलांचं काही चुकत नाही. शब्द ओळखीचेच आहेत, पण कोर्टाची पायरी चढले की वेगळे वागतात. बाजारात शब्दसूच्या मिळतात, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. त्या पाठ होतात आणि परीक्षा संपली की उडून जातात. सूचीत अर्थ सापडतो. तो शब्द कोर्टात कुणी उच्चारायचा, कधी, आणि उच्चारल्यावर कुणाच्या हातून काय सुटतं, हे सापडत नाही.

म्हणून मी एकच खटला घेते आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत शब्दाशब्दाने चालते. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला. मुंबई हायकोर्टात तो १३ जुलैला उभा राहिला आणि २२ जुलैच्या रात्री संपला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे 'पुढे काय झालं' यात लक्ष अडकत नाही. शिवाय या खटल्यात ज्यूरी होती, म्हणजे दोषी की निर्दोष हे सांगणारं नागरिकांचं मंडळ, ज्यूरीत मतं पडली, आणि मराठी मजकूर इंग्रजीत नेताना त्याचं काय होतं हाच वादाचा एक मोठा मुद्दा होता. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगलं प्रकरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बॉम्बने केनेडी मायलेकींचा बळी घेतला. 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख आला. ८ जूनला सरकारने स्फोटक पदार्थांविषयी एक आणि वृत्तपत्रांविषयी एक, असे दोन कायदे एका दमात केले, आणि दुसऱ्याच दिवशी 'केसरी'ने 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असं बजावलं. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली.

आता शब्द. पहिला 'बेल'. टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले, समोर न्यायमूर्ती दिनशा दावर. अर्ज नामंजूर. याच दावरांनी टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनाची बाजू मांडली होती, आणि तेव्हा न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिलाही होता. माणूस तोच, खुर्ची बदलली. ही जोडगोळी मुलं विसरत नाहीत, म्हणून तिच्यावरच दोन शब्द टांगून देते : 'बार' आणि 'बेंच'. वकील बारवर असतो, न्यायाधीश बेंचवर. दावर एकीकडून दुसरीकडे गेले. क्रियापदही इथेच शिकून घ्यावं. इंग्रजीत कोर्ट जामीन 'ग्रँट' करतं किंवा 'रिफ्यूज' करतं. 'गिव्ह' करत नाही. मराठीत आपण मंजूर आणि नामंजूर म्हणतो, ती जोडी इथे नेमकी बसते. सुटं नाम पाठ करून काही होत नाही, नाम आणि क्रियापद बरोबरच उचलावं लागतं.

त्यानंतरचा शब्द वरवर अगदी साधा आहे : 'स्पेशल'.

हायकोर्टाच्या फौजदारी सेशन्समध्ये नऊ जणांची ज्यूरी बसे. ज्यूरर निवडण्यासाठी दोन याद्या असत, एक सर्वसाधारण आणि एक 'स्पेशल ज्यूरर'ची. दुसऱ्या यादीत मालमत्ता, हुद्दा, प्रतिष्ठा पाहून नावं घातलेली, आणि त्या काळच्या मुंबईत तशी यादी केली की तीत युरोपियनांचाच भरणा होणार हे उघड होतं. सरकार पक्षाने स्पेशल ज्यूरी मागितली. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला : लेख मराठी आहेत, आणि अशा ज्यूरीत मराठी न जाणणारेच जास्त येतील. कोर्टाने स्पेशल ज्यूरी दिली. तिच्यात सात युरोपियन आले आणि दोन पारशी.

माझ्या मते खटल्याचा निकाल त्या अर्जावर बराचसा लागून गेला. टिळकांच्या भाषणाचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, ते खरंच आहे. पण नऊ खुर्च्यांवर कोण बसणार हे ठरलं तिथे मताचा कल ठरला, आणि ते एका विशेषणाने ठरलं. विद्यार्थी कायद्याचे पारिभाषिक शब्द जिवाच्या आकांताने पाठ करतात आणि 'स्पेशल', 'समरी', 'कॉमन' असली साधी विशेषणं सोडून देतात. कोर्टात खरी गोम पुष्कळदा त्यांच्यातच असते.

या टप्प्यावरचे बाकीचे शब्द एका झपाट्यात होतात. 'ज्यूरी' म्हणजे पूर्ण मंडळ, त्यातली एक व्यक्ती 'ज्यूरर'. मराठी वर्तमानपत्रं 'एका ज्यूरीने सांगितलं' असं बिनदिक्कत छापतात, ते चूक. ज्यांना बोलावलं आहे त्यांची यादी म्हणजे 'पॅनल', त्यातून निवडून बसवणं म्हणजे 'एम्पॅनल'. शपथ दिली की ज्यूरी 'स्वॉर्न' झाली. एखाद्या नावाला हरकत घेणं म्हणजे 'चॅलेंज'. हायकोर्टात कारण न सांगता आठ नावांना हरकत घेण्याचा हक्क सरकारला होता आणि आरोपीलाही तेवढाच. पंच हा मराठी प्रतिशब्द मात्र मी वापरू देत नाही. आपल्याकडे पंच म्हटलं की पंचनाम्यावर सही करणारे दोघे आठवतात किंवा क्रिकेटचा पंच आठवतो, आणि यातला कुणीच कुणाला दोषी ठरवत नाही.

मग भाषांतर. ज्यूरीपुढे 'केसरी'चे अंक मराठीत असून उपयोग नव्हता. त्यांच्या हाती पडली ती इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, आणि भाषांतर खात्यातल्या साक्षीदाराची त्यांनी घेतलेली उलटतपासणी हा मूळ कागदांतला सर्वांत वाचनीय भाग आहे. 'क्रॉस-एक्झामिनेशन' हा शब्द तिथे स्वतःच्या पायावर उभा दिसतो. समोरचा साक्षीदार तुमचा नाही, प्रश्न तुम्ही विचारायचे, उत्तर त्याच्या तोंडून काढायचं, आणि तेही कोशांची नावं पुढे करून. टिळकांचं म्हणणं असं की सरकारी भाषांतराने मराठीतले साधे शब्द इंग्रजीत जहाल करून ठेवले आहेत. दुसरं म्हणणं आणखी खोलातलं होतं. इंग्रजी राजकारणातल्या कल्पना मराठीत नव्यानेच येत होत्या, त्यांच्यासाठी लेखकाला जुने शब्द वाकवून वापरावे लागत होते. अशा वेळी त्या शब्दाचा जुना, कडक अर्थ धरून उलट भाषांतर केलं तर लेखकाच्या डोक्यात नसलेलं काहीतरी कागदावर उतरतं. आज सरकारी पत्रकाचं मराठी करणाऱ्या कुणालाही हे पटेल.

'ट्रान्सलेटर' आणि 'इंटरप्रिटर' यांतला फरक इथेच सांगून टाकते. लिखित मजकुराचा तो भाषांतरकार, समोर बोलणाऱ्या माणसाचा तो दुभाषी. इंग्रजी कोर्टात मराठी साक्षीदार असला की दुभाषी लागतो; 'केसरी'च्या अंकाला लागतो भाषांतरकार.

खटल्याचा गाभा मात्र दोन शब्दांत आहे, आणि ते दोन्ही 'डिस्‌' ने सुरू होतात. भारतीय दंड संहितेच्या १२४-अ कलमात सरकारविषयी 'हेट्रेड', 'कंटेम्प्ट' किंवा 'डिसअफेक्शन' पैदा करणं, किंवा तसा प्रयत्न करणं, हा गुन्हा होता. हेट्रेड म्हणजे द्वेष, कंटेम्प्ट म्हणजे तुच्छता, इथवर ठीक. डिसअफेक्शन म्हणजे काय? १८९७ च्या टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे केवळ अफेक्शनचा अभाव. उपसर्ग काढला, उरलेल्याचा नकार केला, झाला अर्थ! शब्द फोडून अर्थ लावायची सवय असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावं. या हिशेबाने सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा झाला असता. या व्याख्येवर भरपूर टीका झाली, आणि १८९८ मध्ये कलम सुधारताना डिसअफेक्शनमध्ये बेइमानी आणि सर्व प्रकारची वैरभावना येते असं स्पष्टीकरण जोडलं गेलं. म्हणजे शब्द नेमका करायला गेले आणि जाळं आणखी रुंद झालं.

दुसरा शब्द 'डिसअप्रोबेशन', म्हणजे नापसंती. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणांत म्हटलं होतं की सरकारच्या धोरणांविषयी वा कारभाराविषयी नापसंती दाखवणारी टीका, वरच्या भावना न चेतवता केली असेल, तर गुन्हा होत नाही. टिळकांचा बचाव या दुसऱ्या शब्दात उभा राहतो आणि सरकारचा आरोप पहिल्या शब्दात. 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या शीर्षकात कुठला शब्द आहे? वर्गात हा प्रश्न टाकला की अर्धा तास कुणी घड्याळाकडे बघत नाही. मुलं लेखातल्या वाक्यांवर बोट ठेवून भांडतात, आणि भांडता भांडता 'अटेम्प्ट' आणि 'इंटेन्शन' हेही शब्द त्यांच्या जिभेवर बसतात, कारण लेखकाचा हेतू काय होता हे आल्याशिवाय वाद पुढे सरकतच नाही. टिळकांचाही भर त्यावरच होता.

(जाता जाता : राजद्रोह आणि देशद्रोह हे शब्द आपली माध्यमं अदलाबदलीने वापरतात. १२४-अ चा विषय कायद्याने स्थापन झालेलं सरकार हा होता, देश नव्हे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या १५२ व्या कलमात 'सेडिशन' हा शब्दच नाही. बातम्यांत तो आहेच.)

टिळकांवर आरोप तीन होते. १२४-अ खाली १२ मेच्या लेखासाठी एक, ९ जूनच्या लेखासाठी दुसरा, आणि त्या दुसऱ्याच लेखासाठी १५३-अ, म्हणजे समाजगटांत वैर पसरवण्याच्या कलमाखाली, तिसरा. इथे 'चार्ज' म्हणजे दोषारोप. पण खटल्याच्या शेवटी न्यायाधीश ज्यूरीला पुरावा आणि कायदा समजावून सांगतात त्यालाही 'चार्ज टू द ज्यूरी' म्हणतात. एकच शब्द सुरुवातीला आरोपीच्या डोक्यावर असतो आणि शेवटी ज्यूरीच्या. त्यामुळे जुन्या निकालपत्रात 'चार्ज सदोष होता' असं वाचलं की कुठला चार्ज, हे आधी पाहायचं.

'एक्झिबिट'ला आपल्या कोर्टात निशाणी म्हणतात, आणि हा शब्द मुलांना ऐकूनही ठाऊक नसतो. टिळकांच्या घराच्या झडतीत एक कार्ड मिळालं, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं. सरकारने ते पुराव्यात आणलं. टिळकांनी सांगितलं की नव्या स्फोटक कायद्यातल्या व्याख्येवर टीका लिहायची होती, त्यासाठी ती नावं टिपली होती. पुढे टिळकांनी आपल्या बाजूने वर्तमानपत्रांचे उतारे वगैरे कागद दाखल केले आणि तिथे 'राइट ऑफ रिप्लाय' आडवा आला. त्या वेळच्या नियमाने आरोपीने पुरावा दिला की शेवटचं भाषण सरकारी वकिलाचं. 'रिप्लाय' म्हणजे इथे नुसतं उत्तर नव्हे; ज्यूरी खोलीत जाण्याआधी तिच्या कानावर पक्षकारांपैकी कुणाचा आवाज शेवटचा पडणार, त्याचा हक्क. अॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांनी तो वापरला.

टिळकांचं भाषण १५ जुलैच्या दुपारी सुरू झालं आणि २२ ला दुपारी संपलं. एकूण २१ तासांहून थोडं अधिक. इंग्रजीत याला 'स्पीच' न म्हणता 'अॅड्रेस' म्हणतात, आणि तो ज्यूरीला उद्देशून असतो. त्यात त्यांनी इंग्लंडमधले लेखनस्वातंत्र्याचे जुने खटले ज्यूरीपुढे ठेवले. हेतू काय होता हे ठरवणं ज्यूरीचं काम, न्यायाधीशाचं नव्हे, हे ठसवलं.

मग ब्रॅन्सन बोलले, मग दावरांनी समारोप केला, आणि रात्री आठच्या सुमारास ज्यूरी 'रिटायर' झाली. म्हणजे विचार करायला आत गेली. तासाभराहून थोड्या अधिक वेळाने ती बाहेर आली. ज्यूरी 'व्हर्डिक्ट', म्हणजे दोषी की निर्दोष हा निर्णय, देते तेव्हा क्रियापद 'रिटर्न' असतं. ज्यूरीच्या वतीने जो बोलतो तो 'फोरमन', आणि त्याने सांगितलं : तिन्ही आरोपांवर 'गिल्टी', सात विरुद्ध दोन.

हा आकडा मुलांना विचित्र वाटतो. इंग्रजी सिनेमांमुळे त्यांच्या मनात ज्यूरी म्हणजे बारा जण आणि सगळ्यांचं एकमत. इंग्लंडात तसंच होतं. तिथे बहुमताचा व्हर्डिक्ट १९६७ पर्यंत चालत नसे. ज्या देशाच्या नावाने हा कायदा चालवला जात होता तिथे नऊच काय, बारातले अकरा दोषी म्हणाले असते तरी पुरलं नसतं. मुंबईत मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०५ कलमानुसार नऊपैकी सहा जणांचं मत एक झालं आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असला की काम झालं. 'युनॅनिमस' म्हणजे एकमताने, 'मेजॉरिटी' म्हणजे बहुमताने, 'डिसेंट' म्हणजे त्या दोघांनी केलं ते. पुरेशी मतं एका बाजूला पडलीच नाहीत तर ती 'हंग ज्यूरी'. विधानसभा 'हंग' झाली की आपण त्रिशंकू म्हणतो. ज्यूरीला त्रिशंकू म्हटलेलं मी अजून वाचलेलं नाही, पण म्हणायला हरकत नसावी.

व्हर्डिक्ट आणि 'जजमेंट' वेगळे, हे इथे एकदाचं डोक्यात बसतं. गिल्टी हे ज्यूरीने सांगितलं. ते स्वीकारून 'कन्व्हिक्शन', म्हणजे दोषी ठरवणं, आणि मग 'सेंटेन्स', म्हणजे शिक्षा, हे न्यायाधीशाचं. दोघांचं जमलं नाही तर काय होतं, यासाठी नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला हाताशी आहेच : १९५९ मध्ये मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशाला ते पटलं नाही, त्याने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०७ कलमाखाली प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. त्या धाडण्याला 'रेफरन्स' म्हणतात. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

शिक्षेपूर्वी आरोपीला काही सांगायचं आहे का, असं विचारतात. टिळकांनी तेव्हा उच्चारलेली वाक्यं आज हायकोर्टात त्याच दालनाबाहेर कोरलेली आहेत. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, मी निर्दोष आहे. जगाचं नियंत्रण करणाऱ्या अधिक वरच्या शक्ती आहेत, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या दुःखभोगानेच माझं कार्य अधिक फोफावावं अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल, असा त्यांचा आशय. मूळ इंग्रजीत 'इन स्पाइट ऑफ द व्हर्डिक्ट ऑफ द ज्यूरी' असे शब्द आहेत. न्यायाधीशाचं नावही नाही, ज्यूरीचं आहे. इतक्या तणावात माणूस शब्द चुकत नाही, कारण तो कायद्याचा पदवीधर होता आणि त्याने पुण्यात कायद्याचे वर्गही चालवले होते.

शिक्षा : पहिल्या दोन आरोपांवर तीन-तीन वर्षं ट्रान्सपोर्टेशन, म्हणजे हद्दपारीसह काळं पाणी, तिसऱ्यावर हजार रुपये दंड. या दोन शिक्षा 'कन्सेक्युटिव्ह', एकीमागून एक. 'कन्करंट' असत्या तर एकाच वेळी चालून तीन वर्षांत संपल्या असत्या. सरकारने नंतर काळ्या पाण्याची साधी कैद केली आणि मंडालेला पाठवलं. शिक्षेचं स्वरूप असं सौम्य करण्याला 'कम्यूट' म्हणतात. रोज लोकलने कम्यूट करणाऱ्या मुंबईकर विद्यार्थ्याला हा शब्द दुसऱ्यांदा शिकवावा लागत नाही. गिरणगावातले कामगार सहा दिवस संपावर गेले, ते मुलांना पाठ असतं.

मतदानाचे शब्द शिकवायला मी वेगळा धडा घेत नाही. ते याच प्रकरणातून फुटतात. ज्यूरी व्हर्डिक्ट 'रिटर्न' करते, आणि निवडणूक निर्णय अधिकारी 'रिटर्निंग ऑफिसर' असतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निवडून आलेला उमेदवार 'रिटर्न्ड कँडिडेट' आहे. विचार करून ठरवलेलं मत अधिकृतपणे सादर करणं हा दोन्हीकडचा धागा. निवडणुकीला हरकत घ्यायची तर 'इलेक्शन पिटिशन', आणि ती हायकोर्टातच जाते. अमेरिकेत ज्यूरीतल्या एकेकाला उभं करून त्याचं मत विचारण्याला ज्यूरी 'पोल' करणं म्हणतात, आणि आपल्याकडे 'पोलिंग बूथ' आहेच. अमेरिकी नागरिक झालेल्या मराठी माणसाला ज्यूरीचं समन्स येतं ते बऱ्याच ठिकाणी मतदारयादीवरूनच. आणि मराठी संपादक निवडणुकीच्या निकालाला जनतेचा कौल म्हणतात तेव्हा इंग्रजी संपादक बेधडक 'व्हर्डिक्ट' लिहितो.

शेवटी लेखी काम देते. दोन्ही खटल्यांतली मतं फळ्यावर मांडायची : १८९७ मध्ये सहा विरुद्ध तीन, १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन. १८९७ मध्ये दोषी म्हणणारे सहाही युरोपियन होते आणि निर्दोष म्हणणारे तिघे हिंदी. मग ३०५ कलम समोर ठेवून इंग्रजीत एक परिच्छेद लिहायचा : एक मत फिरलं असतं तर कुठल्या खटल्यात काय झालं असतं? १९०८ मध्ये सहा उरले असते, दावर सहमत होते, म्हणजे शिक्षा तशीच. १८९७ मध्ये पाच उरले असते, आणि मग ज्यूरी 'डिस्चार्ज' करण्यावाचून न्यायाधीशाला गत्यंतर नव्हतं. या परिच्छेदात 'डिस्चार्ज' आणि 'अक्विट' (निर्दोष सोडणं) यांची गल्लत जवळपास प्रत्येकजण करतो. ज्यूरी डिस्चार्ज झाली म्हणजे आरोपी सुटला नव्हे; ज्यूरर घरी गेले, आरोपीवर नवी ज्यूरी बसवून खटला पुन्हा चालू शकतो. तेवढी एक लाल रेघ मारून वह्या परत करते.